प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवरील संशोधन : परिणामकारकता, सुरक्षितता आणि गळून पडलेल्या अटी

प्रस्तावना

औषधांचा विचार सामान्यतः दोन रकान्यांत केला जातो. एका रकान्यात औषधाचा गुण आणि दुसऱ्या रकान्यात त्याचे दुष्परिणाम मांडले जातात. पेनिसिलिनमुळे जंतू मरतात हा गुण होय. एखाद्या रुग्णाच्या अंगावर त्यामुळे पुरळ उठते हा दुष्परिणाम होय. या दोहोंची कारणे भिन्न असल्याने त्यांची स्वतंत्र नोंद करणे शक्य होते. शरीराची रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांच्या बाबतीत मात्र ही दोन रकान्यांची मांडणी अपुरी पडते. प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून ज्या पेशींना आवर घातला जातो, त्याच पेशी क्षयाच्या जंतूंना आणि बुरशीला रोखून धरीत असतात. औषध आपले काम जितके चोख करील, तितका रुग्ण संसर्गापुढे उघडा पडतो. म्हणजे येथे गुण आणि दोष ही एकाच क्रियेची दोन नावे ठरतात.

असे असल्यामुळे 'हे औषध परिणामकारक आहे काय' किंवा 'हे औषध सुरक्षित आहे काय' या प्रश्नांना या वर्गातील औषधांपुरते सरळ उत्तर संभवत नाही. उत्तर नेहमी सशर्त असते. कोणत्या रुग्णाला, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर, किती मात्रेत आणि किती दिवस, या चार अटी पूर्ण झाल्या तरच संशोधनाचा निष्कर्ष खरा ठरतो. या अटी म्हणजे निष्कर्षाला जोडलेली तळटीप नसून निष्कर्षाचाच भाग होत. संशोधन प्रयोगस्थळापासून प्रत्यक्ष उपचारापर्यंत प्रवास करते तेव्हा औषधाचे नाव तेवढे पुढे जाते आणि अटी वाटेत गळून पडतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महाराष्ट्राने या गळतीची किंमत मोजली. त्या अनुभवाच्या प्रकाशात या औषधांवरील संशोधनाची चिकित्सा येथे करण्यात आली आहे.

मात्रेचा शोध : प्रत्यारोपणाचा धडा

या औषधांचा इतिहास अवयव प्रत्यारोपणाशी निगडित आहे. भारतात मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न १९६५ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात मृत दात्याचे मूत्रपिंड वापरून झाला. त्याला दीर्घकालीन यश लाभले नाही. जिवंत दात्याकडून घेतलेल्या मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण १९७१ साली वेल्लोर येथे झाले. त्या काळी डॉक्टरांच्या हाती मुख्यतः ॲझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड ही दोनच साधने होती. शल्यचिकित्सकाचे कसब वाढत होते. परंतु परका अवयव शरीराने स्वीकारावा यासाठी लागणारे औषध तितके समर्थ नव्हते.

सायक्लोस्पोरिनने ही कोंडी फोडली. नॉर्वेतील एका पठारावरून आणलेल्या मातीतील बुरशीपासून स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत हे औषध मिळाले. १९७८ साली रॉय काल्न यांनी केंब्रिज येथे ते प्रथम मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांना दिले आणि १९८३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मात्र आरंभीच्या रुग्णांतच एक विचित्र गोष्ट आढळून आली. जे मूत्रपिंड वाचवण्यासाठी औषध द्यायचे, त्याच मूत्रपिंडाला ते इजा करीत होते. प्रारंभीची मात्रा फार मोठी होती. त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांतील संशोधनाचा बराचसा भाग ही मात्रा कमी करण्याच्या प्रयत्नात खर्ची पडला.

या प्रयत्नाचे फलित म्हणून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या 'सिंफनी' या चाचणीकडे पाहता येते. १,६४५ रुग्णांचे चार गट करून त्यांच्यावर चार निरनिराळ्या औषधयोजनांची तुलना करण्यात आली. नेहमीच्या मात्रेतील सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांपैकी सुमारे २६ टक्के रुग्णांत वर्षभरात शरीराने मूत्रपिंड नाकारण्याची तीव्र प्रतिक्रिया दिसली; कमी मात्रेतील टॅक्रोलिमस घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १२ टक्के होते. मूत्रपिंडाचे कार्यही याच गटात सर्वांत चांगले राहिले. कमी मात्रेतील सिरोलिमस घेणाऱ्या गटात मात्र हे प्रमाण ३७ टक्क्यांवर गेले. म्हणजे 'मात्रा कमी करावी' हे सूत्रसुद्धा सर्व औषधांना सारखे लागू पडले नाही. कोणत्या औषधाची मात्रा किती कमी करावी, याचे उत्तर तर्काने मिळाले नाही. ते प्रत्यक्ष तुलनेनेच मिळाले. प्रत्यारोपणशास्त्राने तीन दशकांत कमावलेले हे शहाणपण पुढे महासाथीच्या धामधुमीत विसरले गेले.

स्थळ बदलता सुरक्षितताही बदलते

दुसरी अट रुग्णाच्या परिसराची. संधिवातावर वापरल्या जाणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९९८ साली त्याला अमेरिकेत प्रथम मान्यता मिळाली. मान्यतेपूर्वीच्या चाचण्यांत क्षयाचा धोका ठळकपणे पुढे आला नव्हता. २००१ साली मात्र औषध घेतल्यावर क्षय झालेल्या ७० रुग्णांची माहिती एकत्रितपणे प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी मात्रा घेतल्यावरच क्षय झाला होता आणि ६४ रुग्ण क्षयाचे प्रमाण अत्यल्प असलेल्या देशांतील होते. धोका औषधात पूर्वीपासून होताच. तो दिसण्याइतके रुग्ण आणि तो नोंदवण्याइतकी शिस्त चाचण्यांनंतर उपलब्ध झाली.

जेथे क्षय घरोघरी ठाऊक आहे, तेथे या आकड्यांचा अर्थ अधिक गंभीर होतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील मूत्रपिंड प्रत्यारोपित रुग्णांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १३ टक्के रुग्णांना प्रत्यारोपणानंतर क्षय झाल्याचे आढळले. पाश्चात्त्य केंद्रांत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असते. औषधे तीच, शस्त्रक्रिया तीच; परंतु सुरक्षिततेचे गणित वेगळे. यावरून असे म्हणता येईल की या वर्गातील औषधांची सुरक्षितता हा केवळ औषधाचा गुणधर्म नाही. तो औषध, रुग्ण आणि त्या रुग्णाच्या अवतीभवतीचे जंतू या तिघांमधील संबंध आहे. परदेशातील चाचणीत 'सुरक्षित' ठरलेले औषध येथे सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने विचारावा लागतो.

डेक्सामेथासोन : एका निष्कर्षाचे तीन भाग

कोविड-१९ च्या महासाथीत या वर्गातील सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त औषध, म्हणजे स्टेरॉइड, एकाएकी जगाच्या केंद्रस्थानी आले. १६ जून २०२० रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील 'रिकव्हरी' या चाचणीचे प्राथमिक निष्कर्ष जाहीर झाले. २,१०४ रुग्णांना नेहमीच्या उपचाराबरोबर दररोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त दहा दिवस देण्यात आले. ४,३२१ रुग्णांवर केवळ नेहमीचे उपचार झाले. २८ दिवसांतील मृत्यू हा तुलनेचा मुख्य निकष होता.

या चाचणीचा निष्कर्ष एका वाक्याचा नव्हता. त्याचे तीन भाग होते. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. प्राणवायू घेत असलेल्या, परंतु श्वसनयंत्रावर नसलेल्या रुग्णांमध्ये ते २६.२ टक्क्यांवरून २३.३ टक्क्यांवर आले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, अशा रुग्णांमध्ये मात्र औषध घेणाऱ्यांतील मृत्यूचे प्रमाण १७.८ टक्के आणि न घेणाऱ्यांतील १४ टक्के होते. या शेवटच्या गटातील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक नव्हता. तथापि लाभाचा कोणताही पुरावा त्यात नव्हता आणि हानीची शक्यता स्पष्ट दिसत होती. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२० मध्ये याच आधारावर गंभीर रुग्णांसाठी स्टेरॉइडची शिफारस केली आणि सौम्य आजारात ते देऊ नये, असे सुचवले.

निष्कर्षाचे हे तीन भाग शास्त्रीयदृष्ट्या परस्परांशी सुसंगत आहेत. आजाराच्या पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो आणि त्याला रोखण्याचे काम प्रतिकारशक्तीच करीत असते. त्या वेळी तिला दाबणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवणे होय. दुसऱ्या आठवड्यात काही रुग्णांची प्रतिकारशक्तीच बेभान होऊन फुप्फुसांची हानी करू लागते. तेव्हा तिला आवरणे जीवदायी ठरते. एकच औषध काही दिवसांच्या अंतराने घातक किंवा तारक ठरू शकते. म्हणून 'प्राणवायूची गरज असलेल्या रुग्णाला' ही अट या निष्कर्षाचा गाभा होती. ती तपासण्यासाठी मोठी यंत्रसामग्रीही लागत नव्हती. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत सप्टेंबर २०२० पासून आशा सेविका जे ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरत होत्या, त्या बोटभर यंत्रावर तिची प्राथमिक खातरजमा होऊ शकत होती.

अटी कोठे गळाल्या

एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय पातळीवर उपचारांची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. तीत मध्यम स्वरूपाच्या आजारासाठी मिथाइलप्रेडनिसोलोन वजनाच्या दर किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम आणि तीव्र आजारासाठी एक ते दोन मिलिग्रॅम, अथवा तितक्याच शक्तीचे डेक्सामेथासोन, साधारणतः पाच ते दहा दिवस देण्याची शिफारस होती. ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची शक्ती सुमारे ३२ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोनइतकी धरली जाते. त्या हिशेबाने ६० किलो वजनाच्या तीव्र आजारी रुग्णाला सुचवलेली मात्रा ११ ते २२ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनच्या तोडीची, म्हणजे चाचणीत सिद्ध झालेल्या मात्रेच्या सुमारे दुप्पट ते पावणेचारपट भरते.

त्याच महिन्याच्या अखेरीस गृहविलगीकरणातील रुग्णांसाठी निघालेल्या सूचनांत सौम्य आजारात तोंडावाटे स्टेरॉइड देऊ नये असे म्हटले होते. मात्र सात दिवसांनंतरही ताप, खोकला कायम राहिल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी मात्रेतील स्टेरॉइडचा विचार करण्याची वाटही मोकळी ठेवली होती. येथे 'प्राणवायूची गरज' या अटीची जागा 'लक्षणांचे दिवस' या वेगळ्या अटीने घेतली. या दुसऱ्या अटीला 'रिकव्हरी'च्या निष्कर्षाचा आधार नव्हता.

मोठ्या मात्रेचा प्रश्न पुढे संशोधनानेच सोडवला. युरोप व भारतातील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कोविड स्टेरॉइड २' या चाचणीत १,००० रुग्णांवर १२ व ६ मिलिग्रॅम या मात्रांची तुलना झाली. १२ मिलिग्रॅमचे पारडे किंचित जड दिसले, पण मुख्य निकषावरील फरक संख्याशास्त्रीय कसोटीस उतरला नाही. त्यानंतर २०२३ साली 'रिकव्हरी'च्याच पुढील टप्प्याचे निष्कर्ष आले. साधा प्राणवायू घेणाऱ्या अथवा प्राणवायूची पातळी खालावलेल्या १,२७२ रुग्णांपैकी मोठ्या मात्रेच्या गटातील १९ टक्के, तर नेहमीच्या उपचाराच्या गटातील १२ टक्के रुग्ण दगावले. मोठ्या मात्रेची सुरुवात २० मिलिग्रॅमपासून होती. त्या गटात अन्य जंतूंमुळे होणारा न्यूमोनिया आणि रक्तातील साखर वाढणे हे दोन्ही अधिक आढळले. हा निष्कर्ष श्वसनयंत्रावरील रुग्णांना लागू करता येत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

२०२१ सालच्या तज्ज्ञांना २०२३ चे निष्कर्ष ठाऊक असणे शक्य नव्हते. तसा दोष त्यांना देणे अन्यायाचे ठरेल. टीकेचा मुद्दा वेगळा आहे. कोणती मात्रा चाचणीने सिद्ध झाली आहे आणि कोणती केवळ अनुभवाच्या वा अंदाजाच्या आधारावर सुचवली जात आहे, हा भेद मार्गदर्शक तत्त्वांच्या कोष्टकात दिसत नव्हता. दोन्ही एकाच ओळीत, एकाच अधिकारवाणीने छापले गेले. तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला त्या कोष्टकामागचा शोधनिबंध वाचण्यास वेळ नव्हता. त्याला दिसले ते औषधाचे नाव. रुग्णाच्या नातेवाइकांना तर एवढेच ऐकू आले की स्टेरॉइडने माणसे वाचतात. मे २०२१ च्या आरंभी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना, सौम्य आजारात आरंभीच स्टेरॉइड घेणे अपायकारक ठरू शकते, असा जाहीर इशारा द्यावा लागला. चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध होऊन तोवर दहा महिने उलटले होते.

म्युकरमायकोसिस : न मोजलेला धोका

याच सुमारास महाराष्ट्रात काळी बुरशी या नावाने ओळखल्या गेलेल्या म्युकरमायकोसिसने डोके वर काढले. नाक, डोळा, जबडा आणि मेंदू यांना ग्रासणारा हा आजार भारताला नवा नव्हता. मधुमेहाच्या मोठ्या प्रमाणामुळे महासाथीपूर्वीही तो येथे पाश्चात्त्य देशांपेक्षा कित्येक पटींनी अधिक आढळत असे. २० मे २०२१ रोजी केंद्राने राज्यांना तो साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. जुलै २०२१ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती आणि ४,३०० च्या आसपास मृत्यू झाले होते. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात होते. ॲम्फोटेरिसिन-बी या औषधाचा देशभर तुटवडा पडला. वर्धा येथे त्याचे उत्पादन सुरू करण्यात आले आणि राज्य शासनाने उपचारांचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केला.

कोल्हापूर जिल्ह्याच्या दृष्टीने हा काळ विशेष कठीण होता. मुंबई-पुण्यात दुसरी लाट ओसरत असताना जून-जुलै २०२१ मध्ये येथील बाधितांचे प्रमाण चढेच राहिले आणि जुलैच्या अखेरीस महापुराची भर पडली. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयावर केवळ शहराचा भार नसतो. जिल्ह्याच्या डोंगराळ तालुक्यांतील रुग्णांचाही तोच मोठा आधार असतो. अशा स्थितीत गावातच कोणते औषध किती दिवस घेतले, याची विश्वसनीय नोंद रुग्णाबरोबर येणे अवघड होते. बुरशीचा आजार तर अनेकदा कोविडमधून बरे होऊन घरी परतल्यावर उद्भवत होता.

स्टेरॉइड आणि हा आजार यांच्या संबंधाबाबत देशातील १६ केंद्रांचा एकत्रित अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातील २८७ रुग्णांपैकी १८७ रुग्णांचा, म्हणजे सुमारे ६५ टक्क्यांचा, आजार कोविडशी निगडित होता. आदल्या वर्षीच्या याच काळाच्या तुलनेत रुग्णसंख्या दुपटीहून अधिक झाली होती. अनियंत्रित मधुमेह हे सर्वांत मोठे कारण होते. मात्र कोविडशी निगडित सुमारे एकतृतीयांश रुग्णांना कोविडखेरीज अन्य कोणताही पूर्वविकार नव्हता. कोविडमुळे खालावलेली प्राणवायूची पातळी आणि स्टेरॉइडचा अयोग्य वापर या दोन गोष्टींचा आजाराशी स्वतंत्र संबंध आढळून आला. बारा आठवड्यांत सुमारे ४६ टक्के रुग्ण दगावले. लक्षणीय बाब अशी की हा अभ्यास दुसऱ्या लाटेच्या आधीच्या काळाचा होता. धोक्याची सूचना रुग्णालयांच्या कागदपत्रांत होती. ती एकत्र येऊन वाचली जाईपर्यंत दुसरी लाट येऊन गेली.

येथे एका सावधगिरीची आवश्यकता आहे. असे अभ्यास संबंध दाखवतात. कार्यकारणभाव निर्विवादपणे सिद्ध करीत नाहीत. ज्या रुग्णाचा आजार अधिक तीव्र, त्याला स्टेरॉइडही अधिक मिळते; त्यामुळे दोष औषधाचा की आजाराचा, हे वेगळे करणे कठीण असते. कोविडचा विषाणू स्वतःही रक्तातील साखर बिघडवतो. शिवाय स्टेरॉइडमुळे याच काळात असंख्य गंभीर रुग्णांचे प्राण वाचले, हे विसरून चालणार नाही. म्हणून 'स्टेरॉइडमुळे काळी बुरशी झाली' हे विधान 'स्टेरॉइडने कोविड बरा होतो' या विधानाइतकेच अर्धवट आहे. दोन्ही विधानांतून त्याच अटी वगळल्या गेल्या आहेत.

तथापि 'रिकव्हरी'च्या मूळ निष्कर्षाकडे येथील भूमीवरून पाहिल्यास एक मर्यादा लक्षात येते. त्या चाचणीतील सुमारे २४ टक्के रुग्ण मधुमेही होते. म्हणजे मधुमेहींना वगळले गेले नव्हते. परंतु मुख्य निकष २८ दिवसांतील मृत्यूचा होता आणि म्युकरमायकोसिस ब्रिटनमध्ये अतिशय दुर्मीळ आहे. जे त्या मातीत क्वचितच उगवते, ते त्या चाचणीत सापडणार कसे? वेल्लोरच्या क्षयाने २००१ साली दिलेला धडाच येथे पुन्हा समोर आला.

लहान चाचणी आणि मोठी घाई

स्टेरॉइडच्या बाबतीत चांगल्या पुराव्याच्या अटी गळाल्या. इटोलिझुमॅबच्या बाबतीत पुरावाच अपुरा होता. सोरायसिसवर २०१३ पासून भारतात वापरात असलेल्या या औषधाला जुलै २०२० मध्ये औषध महानियंत्रकांनी कोविडच्या मध्यम ते तीव्र रुग्णांसाठी आपत्कालीन मर्यादित वापराची परवानगी दिली. आधार होता मुंबई आणि दिल्ली येथील चार केंद्रांतील ३० रुग्णांच्या चाचणीचा. औषध मिळालेल्या २० रुग्णांपैकी कोणीही दगावले नाही; न मिळालेल्या १० पैकी तिघे दगावले. कोणाला औषध मिळत आहे हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही माहीत होते.

हे आकडे आकर्षक आहेत. परंतु पहिल्या गटात केवळ दोन मृत्यू झाले असते तरी संपूर्ण निष्कर्ष ढासळला असता. दोन रुग्णांच्या दैवावर उभा असलेला निष्कर्ष धोरणाचा पाया होऊ शकत नाही. राष्ट्रीय कृती दलाने या औषधाचा समावेश राष्ट्रीय उपचार-तत्त्वांत केला नाही, ही या प्रकरणातील समाधानाची बाजू म्हणावी लागेल. तथापि परवानगी आणि शिफारस यांतील हा फरक सामान्य वाचकापर्यंत पोहोचला नाही.

टोसिलिझुमॅबचा इतिहास याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. भारतातील १२ रुग्णालयांत १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत आजार बळावण्याचे वा मृत्यूचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ९ टक्के आणि न घेणाऱ्यांत १३ टक्के आढळले. हा फरक निर्णायक नव्हता आणि संशोधकांनीही तसे प्रांजळपणे नोंदवले. पुढे 'रिकव्हरी'मध्ये ४,११६ रुग्णांवर अभ्यास झाला तेव्हा मृत्यूचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आल्याचे दिसले. त्यातील बहुतेक रुग्ण स्टेरॉइडही घेत होते. दोन्ही ठिकाणी फरक चार टक्क्यांचाच होता. पण तो खरा की योगायोगाचा, हे ओळखण्यास १८० रुग्ण अपुरे पडले आणि चार हजार पुरेसे ठरले. चार टक्के म्हणजे पंचवीस रुग्णांना औषध दिल्यावर एकाचे प्राण अधिक वाचणे. एप्रिल २०२१ मध्ये हे महागडे इंजेक्शन मिळवण्यासाठी दारोदार फिरणाऱ्या कुटुंबांना हे गणित कोणी समजावून सांगितले असते, तर ते न मिळाल्याचा अपराधभाव तरी काहीसा हलका झाला असता.

नोंदीची उणीव

भारतात नियमांची वाण आहे असे म्हणता येत नाही. २००७ पासून रुग्णचाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही अस्तित्वात आहे आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली आहे. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडून २०११ पासून तो चालवला जातो. रुग्णाने स्वतः भरावयाचा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे. २०१९ साली नवीन औषधे व चाचण्या यांविषयीचे नियम लागू झाले. उणीव आहे ती या यंत्रणेत माहिती घालणाऱ्या हातांची. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचे धोके उशिरा दिसतात, दुसऱ्याच आजाराचे रूप घेऊन येतात आणि दुसऱ्याच डॉक्टरकडे जातात. स्टेरॉइड एक डॉक्टर लिहून देतो. तीन आठवड्यांनी डोळा सुजल्यावर रुग्ण नेत्रतज्ज्ञाकडे किंवा दंतवैद्याकडे जातो. या दोन चिठ्ठ्या एकत्र येत नाहीत तोवर धोका कोणालाच दिसत नाही.

या ठिकाणी महाविद्यालयांची भूमिका महत्त्वाची ठरते. हा प्रश्न एकट्या वैद्यकशास्त्राचा नाही. शंभरांतील चौघांचा फरक आणि तिसांतील तिघांचा फरक यांत भेद कसा करावा, हे संख्याशास्त्राच्या अध्यापकाने शिकवावयाचे असते. शोधनिबंधातील सशर्त वाक्य मराठीत आणताना अट कशी राखावी, हा भाषेच्या अध्यापकाचा विषय आहे. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना स्टेरॉइड का मिळते आणि लोक ते का घेतात, हे समाजशास्त्र व अर्थशास्त्राच्या कक्षेत येते. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एका तालुक्यातील स्टेरॉइडच्या वापराची सलग वर्षभर नोंद ठेवली, तरी परदेशातील चाचण्यांतून न मिळणारी माहिती हाती येईल.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची परिणामकारकता आणि सुरक्षितता यांचा उगम एकाच क्रियेत असल्याने त्यांचे मूल्यमापन स्वतंत्रपणे करणे अपुरे ठरते.

२. या औषधांवरील प्रत्येक निष्कर्ष रुग्ण, वेळ, मात्रा आणि कालावधी या अटींनी बांधलेला असतो. अटी वगळून सांगितलेला निष्कर्ष अपुरा न राहता चुकीचा ठरू शकतो.

३. अन्य देशांतील चाचण्या परिणामकारकतेविषयी पुष्कळ सांगतात. स्थानिक संसर्गांमुळे उद्भवणाऱ्या धोक्यांविषयी त्या फारसे सांगू शकत नाहीत. ती माहिती स्थानिक नोंदींतूनच मिळवावी लागते.

४. मार्गदर्शक तत्त्वांत सिद्ध शिफारस आणि अनुमानित शिफारस यांतील भेद ठळकपणे छापला जाणे आवश्यक आहे.

'रिकव्हरी' चाचणीचे निष्कर्ष इंग्रजी जाणणाऱ्या कोणालाही जून २०२० मध्ये विनामूल्य वाचावयास उपलब्ध होते. प्राणवायूची गरज नसलेल्या रुग्णाला हे औषध लाभदायक नाही, ही ओळ त्यांत स्पष्ट होती. ती ओळ गावातील दवाखान्यापर्यंत आणि घरातील रुग्णापर्यंत मराठीतून, अटीसह पोहोचवण्याचे काम राहून गेले. पुढील साथीपूर्वी ते कोणी करावयाचे, याचे उत्तर देणे ज्ञाननिर्मिती आणि ज्ञानप्रसार यांचा दावा करणाऱ्या प्रत्येक संस्थेवर बंधनकारक आहे.